फ्रिक्वेन्सी बदलताना फेज कशी सांभाळायची: डिजिटल सिग्नल बनवायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी

एकच टोन काढायचा असेल तर डिजिटल साइन वेव्ह हे अर्ध्या तासाचं काम आहे, डोकेदुखी सुरू होते ती मधेच फ्रिक्वेन्सी बदलायला लागली की. स्पीकरमधून टकटक ऐकू येते, स्पेक्ट्रममध्ये टोनच्या दोन्ही बाजूंना नको तेवढा पसारा दिसतो, किंवा मग आवाज एकदम स्वच्छ असतो पण समोरचा रिसीव्हर म्हणतो फेज, म्हणजे वेव्ह आपल्या फेऱ्यात नेमकी कुठे आहे ते, जुळत नाहीये. मग शोधाशोध केली की दोन शब्द हाती लागतात, फेज कंटिन्युअस आणि फेज कोहेरंट, आणि बऱ्याच ठिकाणी ते एकाच अर्थाने वापरलेले असतात. तर पहिली गोष्ट, ते एक नाहीत, आणि बहुतेक वेळा एक हवं असेल तर दुसरं सोडावं लागतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढे नुसती बेरीज, गुणाकार आणि भागाकारातली बाकी एवढंच गणित उरतं, खरंच.

लेखभर एकच उदाहरण घेऊ म्हणजे गोंधळ नको: सेकंदाला ४८,००० सॅम्पल, एक टोन १००० हर्ट्झचा आणि दुसरा १२५० हर्ट्झचा.

पायरी १: कोड नंतर, आधी ठरवा काय पाहिजे

कंटिन्युअस म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलली त्या क्षणी वेव्ह जिथे होती तिथूनच ती नवीन वेगाने पुढे जाते, सांधा दिसत नाही. पण १००० वरून १२५० वर गेलात आणि परत १००० वर आलात, तर आताच्या १००० च्या वेव्हचा मघाच्या १००० शी काही संबंध राहिलेला नसतो, मधे १२५० वर किती वेळ काढला त्यावर तिची फेज ठरते.

कोहेरंट म्हणजे परत आल्यावर १००० ची वेव्ह अशी दिसली पाहिजे की ती मधे कधी थांबलीच नव्हती. टीव्हीवर मॅच चालू असताना तुम्ही दुसरं चॅनल लावून परत आलात तर मॅच तुमच्यासाठी थांबलेली नसते, दोन ओव्हर पुढे गेलेली असते, तसंच. मात्र चॅनल बदलताना चित्र एकदम बदलतं, आणि वेव्हमध्येही तशीच उडी बसते.

तिसरा प्रकार रीसेटचा: दर वेळी फ्रिक्वेन्सी बदलली की फेज शून्यावरून सुरू. काही ठिकाणी हेच पाहिजे असतं, पण त्यात उडीही असते आणि जुन्या टोनची आठवणही राहत नाही, त्यामुळे फक्त सोपं आहे म्हणून हे निवडू नका.

आता कुठे काय लागतं? डेटा पाठवायला दोन टोन वापरता तिथे कंटिन्युअस. कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम केलेल्यांना हार्ट प्रोटोकॉल माहीतच असेल, ४ ते २० मिलिअँपच्या त्याच वायरवर १२०० आणि २२०० हर्ट्झचे टोन बसवून १२०० बिट प्रति सेकंद डेटा जातो. हॅम रेडिओवाल्यांच्या एपीआरएसमध्येही (रेडिओवरून आपलं ठिकाण आणि छोटे संदेश पाठवायची पद्धत) हीच जोडी, मुळात बेल २०२ मॉडेमची. इथे एका बिटच्या वेळात १२०० चा टोन बरोबर एक फेरा पूर्ण करतो पण २२०० चा टोन १.८३३ फेरे करतो, म्हणजे बिट संपताना फेज ३०० डिग्रीवर लटकलेली असते. दर बिटला शून्यावरून सुरू केलंत तर प्रत्येक २२०० नंतर उडी बसणार आणि ती सगळी ऊर्जा आजूबाजूच्या बँडमध्ये सांडणार. स्वीप काढायचा असेल, सायरन करायचा असेल, सिंथेसायझरवर सूर घसरवायचा असेल, सगळीकडे कंटिन्युअसच.

कोहेरंट लागतं ते मोजमापात. एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रकांचा सिग्नल मोजायचं तंत्र) एका फ्रिक्वेन्सीने अणुकेंद्रकांना पल्स द्यायची, दुसरीवर जायचं, परत पहिलीवर येऊन दुसरी पल्स द्यायची, आणि त्या दोन पल्समधला फेजचा हिशोब चुकला तर प्रयोगच चुकला. डॉप्लर रडारमध्ये लागोपाठच्या पल्सची फेज ताडूनच वेग निघतो, त्यामुळे फ्रिक्वेन्सी हॉप करून परत आल्यावर जुन्या पल्सशी नातं टिकलं पाहिजे. क्यूबिटवाल्यांचंही, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरवाल्यांचंही तेच. ही यादी वाचून तुमचं काम पहिल्या गटात बसत असेल तर पायरी ४ नुसती नजरेखालून घाला, वेळ वाचेल.

पायरी २: फेज ॲक्युम्युलेटर

ही कल्पना १९७१ सालच्या टिअर्नी, रेडर आणि गोल्ड यांच्या पेपरपासूनची आहे आणि अजून मूळ रचना तीच आहे. एक ३२ बिटचा पूर्णांक घ्यायचा, त्याला फेज म्हणायचं. पूर्ण फेरा म्हणजे २ चा ३२ वा घात, ४,२९,४९,६७,२९६. दर सॅम्पलला त्यात एक ठरलेला आकडा मिळवायचा, तो आकडा म्हणजे ट्युनिंग वर्ड:

ट्युनिंग वर्ड = फ्रिक्वेन्सी × ४,२९,४९,६७,२९६ ÷ सॅम्पल रेट

१००० हर्ट्झसाठी ८,९४,७८,४८५ येतो आणि १२५० साठी ११,१८,४८,१०७, दोन्ही जवळच्या पूर्णांकाला आणलेले. बेरीज ३२ बिटच्या वर गेली की वरचा भाग आपोआप गळून पडतो, आणि तेच आपल्याला पाहिजे, कारण एक फेरा संपून दुसरा सुरू झाला की मागचे फेरे कोण मोजतंय. फेजचे वरचे १० बिट घेऊन १०२४ आकड्यांच्या साइन टेबलमध्ये बघायचं, आला तो आउटपुट. (टेबल लहान ठेवलं की बारीकसारीक खोटे टोन येतात, एका बिटमागे साधारण ६ डेसिबलचा हिशोब धरा, म्हणजे १० बिटला ६० च्या आसपास. ऐकण्यापुरतं चालतं.)

पायथनमध्ये करत असाल तर लक्षात ठेवा की पायथनचा साधा पूर्णांक ओव्हरफ्लो होतच नाही, तो वाढतच जातो, त्यामुळे दर वेळी २ च्या ३२ व्या घाताने भागून बाकी घ्यायची. सी मध्ये ३२ बिटचा अनसाइन्ड पूर्णांक घेतला की हे फुकटात मिळतं.

पायरी ३: कंटिन्युअस बदल, म्हणजे जवळजवळ काहीच न करणं

फ्रिक्वेन्सी बदलायची? ट्युनिंग वर्ड बदला. फेजला हात लावू नका. झालं. एवढंच आहे हो.

तरी यात लोक दोन ठिकाणी अडकतात. एक, ऑडिओ बफर भरणाऱ्या फंक्शनच्या आतच फेज शून्य ठेवतात, मग दर बफरच्या सुरुवातीला रीसेट होतो आणि फ्रिक्वेन्सी बदलली नाही तरी टकटक येते, तर फेज फंक्शनच्या बाहेर जपून ठेवायची. दुसरं जास्त फसवं आहे. नवीन माणूस ॲक्युम्युलेटर न वापरता सरळ शाळेतलं सूत्र लिहितो, साइन(२ पाय × फ्रिक्वेन्सी × वेळ), आणि मधेच फ्रिक्वेन्सीचा आकडा बदलतो. वेळ तशीच पुढे चाललेली असते पण आता ती नवीन फ्रिक्वेन्सीने गुणली जाते, म्हणून उडी बसते. किती? दोन फ्रिक्वेन्सींमधला फरक गुणिले वेळ, त्यातला अपूर्णांक. आपल्या उदाहरणात फरक २५० हर्ट्झचा, बदल १.००३ सेकंदाला केला तर २५० × १.००३ = २५०.७५, म्हणजे पाऊण फेऱ्याची, २७० डिग्रीची उडी.

आणि याच सूत्राने स्वीप काढायला गेलात तर अजून मजा, फ्रिक्वेन्सी वेळेबरोबर सरळ रेषेत वाढवली की प्रत्यक्षात ती दुप्पट वेगाने चढते, कारण खरी फ्रिक्वेन्सी म्हणजे फेजच्या बदलाचा वेग आणि त्या गुणाकारात वेळ दोनदा येते. १००० पासून २००० पर्यंत नेतोय असं वाटतं आणि शेवटी ३००० ऐकू येतं. ॲक्युम्युलेटरमध्ये दर सॅम्पलला ट्युनिंग वर्ड थोडा थोडा वाढवत गेलं की ही भानगडच नाही.

पायरी ४: कोहेरंट बदल

वरचं शाळेतलं सूत्र वाईट नाही बरं का. ज्याला आपण चूक म्हणून हाकललं तेच कोहेरंट आहे! वेळ सगळ्या टोनसाठी एकच घड्याळ म्हणून चालू राहते, त्यामुळे १००० वर परत आलात की फेज बरोबर जिथे असायला हवी तिथेच सापडते. उडी ही त्याची किंमत. म्हणजे नवशिका नकळत कोहेरंट लिहितो आणि कंटिन्युअस मिळालं नाही म्हणून वैतागतो.

फक्त ते सूत्र दशांश आकड्यात लिहू नका. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये अचूक आकड्यांसाठी २४ बिटच असतात, त्यामुळे सॅम्पलचा काउंटर फ्लोटमध्ये ठेवलात तर १,६७,७७,२१६ नंतर तो एक-एकने वाढतच नाही, ४८,००० च्या रेटला हे पावणेसहा मिनिटं उलटल्यावर लगेच होतं. बिघाड त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो, १००० हर्ट्झला १०० सेकंदांनी एक लाख फेरे झालेले असतात, तेवढा आकडा साठवल्यावर अपूर्णांकाला ७ बिट उरतात, म्हणजे फेज २.८ डिग्रीच्या पायऱ्यांनी हलते. टोन खरखरीत होत जातो आणि कारण कळत नाही.

पूर्णांकात करायचं तर असं. एक काउंटर ठेवा जो दर सॅम्पलला एकने वाढतो आणि कधीही रीसेट होत नाही. मग

फेज = काउंटर × ट्युनिंग वर्ड, खालचे ३२ बिट

आता प्रश्न येतो की काउंटरही ३२ बिटचा असेल तर तो कधीतरी भरून शून्यावर येईल, तेव्हा काय? काहीच होत नाही, आणि मला या सगळ्या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. काउंटरमधून २ चा ३२ वा घात वजा झाला तर गुणाकारातून त्याची पट वजा होते, आणि ती पट म्हणजे पूर्ण फेरेच, म्हणून खालच्या ३२ बिटमध्ये तसूभर फरक पडत नाही. काउंटर आणि फेज दोन्हींची रुंदी सारखी ठेवा, बस्स, मग यंत्र वर्षभर चालू राहू दे.

दर सॅम्पलला गुणाकार परवडत नसेल, छोटा कंट्रोलर असेल, तर गुणाकार फक्त बदलाच्या क्षणी एकदा करा, उत्तर ॲक्युम्युलेटरमध्ये टाका आणि पुढे नेहमीसारखी बेरीज चालू द्या, परिणाम तोच. आणि टोन चार-पाचच असतील आणि आधीपासून ठरलेले असतील तर तेही नको: प्रत्येक टोनला स्वतःचा ॲक्युम्युलेटर द्या, सगळे कायम पळत ठेवा, आणि कोणाची फेज साइन टेबलकडे पाठवायची तेवढं बदला. एफपीजीएमध्ये (आतलं सर्किट आपल्याला हवं तसं जोडता येणारी चिप) एक ॲक्युम्युलेटर म्हणजे एक ॲडर आणि एक रजिस्टर, स्वस्तात पडतं, टेबल एकच सगळ्यांना पुरतं. माझं मत विचाराल तर ठरलेल्या टोनसाठी हीच पद्धत घ्या, डीबग करायला सोपी.

एक इशारा. कोहेरंट पद्धतीत फ्रिक्वेन्सी थोडीशीच हलवली तरी उडी मोठी बसू शकते, कारण नवीन आकडा थेट काउंटरच्या शून्यापासून लागू होतो. यंत्र साडेबारा तास चालल्यावर ट्युनिंग वर्ड फक्त १ ने बदलला तरी फेज जवळजवळ अर्धा फेरा उडते. त्यामुळे हळूहळू ट्यूनिंग किंवा स्वीपसाठी ही पद्धत वापरायची नाही.

पायरी ५: दोन्ही एकदम पाहिजे?

मिळतं, पण तुमच्या मर्जीच्या वेळेला नाही. दोन टोनची फेज ज्या क्षणी आपोआप सारखी असते त्या क्षणी बदल केला तर उडी शून्य आणि कोहेरन्सही शाबूत. फरक २५० हर्ट्झचा म्हणजे असा क्षण दर ४ मिलिसेकंदाला येतो, मघाच्या १.००३ ऐवजी १.००४ सेकंदाला बदल केला असता तर २५० × १.००४ = २५१, पूर्ण फेरे, उडी नाही. म्हणजे बदलाची मागणी आली की लगेच अंमल न करता पुढच्या १९२ च्या पटीतल्या सॅम्पलपर्यंत थांबायचं. डेटा मॉडेममध्ये दोन टोनमधला फरक बरोबर बिट रेटएवढा ठेवला तर प्रत्येक बिटच्या सीमेवर हे आपोआप जुळतं.

इथे ट्युनिंग वर्ड पूर्णांकात आणल्याची किंमत दिसते. आपल्या दोन वर्डमधला फरक २,२३,६९,६२२ आहे, खरा पाहिजे होता २,२३,६९,६२१.३३. एवढासा फरक साचत साचत सव्वासहा मिनिटांना एक डिग्री होतो. बऱ्याच कामात चालेल, तुमच्यात चालत नसेल तर बायनरीचा हट्ट सोडा: ॲक्युम्युलेटर ४८,००० ला गुंडाळा, फ्रिक्वेन्सी पूर्ण हर्ट्झमध्ये घ्या, मग ट्युनिंग वर्ड म्हणजे खुद्द फ्रिक्वेन्सीच, १००० म्हणजे १०००, कुठेही गोळाबेरीज नाही. काउंटरही ० ते ४७,९९९ एवढाच फिरवायचा. बेरीज ४८,००० च्या वर गेली की वजाबाकी तुम्हाला स्वतः करावी लागते, ओव्हरफ्लोचं फुकट काम इथे होत नाही.

थांबायला वेळच नसेल तर उडी लपवता येते, आउटपुटची उंची दोन-चार मिलिसेकंदात शून्यावर आणायची, बदल करायचा, परत वर न्यायची. पल्सवाल्या यंत्रात मधे सिग्नल बंदच असतो, त्यामुळे तिथे उडी कोणाला दिसतच नाही.

पायरी ६: तपासायचं कसं

कानावर विश्वास ठेवू नका, कान कंटिन्युअस आहे का एवढंच सांगेल. सॉफ्टवेअरमध्ये न थांबणारा १००० चा एक वेगळा ॲरे बनवा, तुमच्या सिग्नलमधून तो वजा करा. जिथे जिथे १००० चालू आहे तिथे उत्तर सपाट शून्य आलं तर कोहेरंट. पहिल्या तुकड्यात शून्य आणि परत आल्यावर साइन वेव्ह उरली, तर तुमच्याकडे कंटिन्युअस आहे. हार्डवेअरला स्कोपच्या एका चॅनलवर न थांबणारा टोन, त्यावरच ट्रिगर, आणि दुसऱ्या चॅनलवर तुमचा सिग्नल. दर वेळी परत आल्यावर वेव्ह त्याच जागी उभी राहिली पाहिजे. चाचणी करताना १२५० वरचा मुक्काम मुद्दाम वेडावाकडा ठेवा, ७ मिलिसेकंद, मग १३, मग १८, कारण ४ च्या पटीत ठेवलात तर चुकीचा कोडही पास होतो.

पायरी ७: तयार चिप वापरताना

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जे स्वस्त मॉड्युल मिळतं त्यावर बहुतेक एडी९८३३ चिप असते, २८ बिटचा ॲक्युम्युलेटर आणि २५ मेगाहर्ट्झचा क्लॉक, म्हणजे ०.०९३ हर्ट्झची पायरी. तिच्यात फ्रिक्वेन्सीची दोन रजिस्टरं आहेत म्हणून लोकांना वाटतं आत दोन ऑसिलेटर आहेत. नाहीत. रजिस्टर दोन, ॲक्युम्युलेटर एकच, त्यामुळे कोणतं रजिस्टर वापरायचं ते सांगणारा एफसिलेक्ट बिट बदलला की मिळतं ते कंटिन्युअस. नवीन आकडा लिहिताना बी२८ बिट १ ठेवा, मग १४-१४ बिटचे दोन्ही भाग पोचल्यावरच तो लागू होतो, नाहीतर मधल्या क्षणाला भलतीच फ्रिक्वेन्सी निघून जाते.

या चिपवर कोहेरंट करायचं तर फेज रजिस्टरमध्ये दर वेळी दुरुस्ती टाकावी लागेल. ते १२ बिटचं आहे, ०.०८८ डिग्रीची पायरी, बारीकपणा पुरेसा आहे, पण दुरुस्ती काढायला बदल नक्की कितव्या क्लॉकला झाला ते माहीत पाहिजे आणि एसपीआयवरून (कंट्रोलरकडून चिपला डेटा नेणारी जोडणी) लिहिताना त्यात एका क्लॉकची अनिश्चितता राहतेच. २५ मेगाहर्ट्झला एक क्लॉक म्हणजे ४० नॅनोसेकंद, १ किलोहर्ट्झच्या टोनला ते काहीच नाही, १ मेगाहर्ट्झला मात्र १४.४ डिग्री होतात. आणि अर्डुइनोचा क्लॉक वेगळा, मॉड्युलचा वेगळा, दोघं आपापल्या चालीने सरकत असतात, त्यामुळे अर्डुइनोच्या मायक्रोसेकंदांवर हिशोब ठेवणं म्हणजे निव्वळ अंदाज. सोपा मार्ग असा की दोन मॉड्युल घ्या, एकावरचा ऑसिलेटर काढून दोघांना एकच क्लॉक द्या, दोघांचा रीसेट बिट एकदम सोडा, दोघं कायम चालू ठेवा आणि आउटपुटला ॲनालॉग स्विच लावा. दिसायला जुनाट पण चोख काम करतं.

एकच क्लॉक ही अट कुठेही सुटत नाही. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटरवर पसरल्यात, त्यांचे सिग्नल एकमेकांशी ताडता यावेत म्हणून सगळ्यांना एकाच रेफरन्सशी बांधून ठेवावं लागतं आणि तो ऑप्टिकल फायबरने पोचवला जातो. आपल्याला टेबलावरच्या दोन मॉड्युलमध्ये अर्धा वीत वायर ओढायचीये, तेवढा कंटाळा करू नका.

एसडीआर (बरंचसं काम सॉफ्टवेअरमध्ये करणारा रेडिओ) वापरणाऱ्यांसाठी शेवटचं: ट्यूनरची लोकल ऑसिलेटर फ्रिक्वेन्सी बदललीत की आतला पीएलएल (ऑसिलेटरला रेफरन्सशी जुळवून धरणारं सर्किट) नव्याने लॉक होतो, आणि साधारणपणे दर वेळी वेगळ्या फेजवर. वर सांगितलेलं कितीही अचूक केलंत तरी तिथे पाणी फिरतं. म्हणून हॉप ज्या पट्ट्यात करायचेत त्याच्या मधोमध ऑसिलेटर एकदा लावून ठेवा, त्याला परत हात लावू नका, आणि सगळे हॉप डिजिटल बाजूला ॲक्युम्युलेटरमध्येच करा. पट्टा सॅम्पल रेटमध्ये मावत नसेल तर प्रत्येक रीट्यूननंतर एक ओळखीचा टोन लूपबॅकने परत घेऊन फेज मोजायची आणि तेवढी दुरुस्ती करायची.